कुठं न्यायचं, ताई?

पहाटे ५.४०

महिन्याची ८ तारीख. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचे पगार कालपर्यंत झालेले असतात, आणि पिणाऱ्यांच्या घरून फोन येतात ते याच सुमारास, म्हणून या दोन-तीन दिवसांत मी फोन उशाशी घेऊनच झोपते. आजचा पहिला फोन आमच्या गडमुडशिंगीतलाच होता, माळाकडच्या वस्तीतला. बाई अगदी हळू बोलत होत्या.

"ताई, मालकांनी परवा आदमापूरला जाऊन शपथ घेतली. तवापासनं थेंबाला शिवले न्हाईत बघा. पण काल सांजंपासनं हात लई कापालेत. रातभर भिंतीवरचं किडं झाडालेत, भिंतीवर तर काय बी न्हाई. मला बी वळखंना झालेत. जवळ कुठलं व्यसनमुक्ती केंद्र हाय? तिकडं न्हेऊ का?"

मी आधी विचारून घेतलं. किती वर्षं पितात, सकाळी उठल्या उठल्या लागत होती का, शेवटचा घोट नेमका कधी घेतला, फिट आली का, अंग तापलंय का. उत्तरं ऐकून त्यांना सांगितलं, "केंद्रात नको. १०८ ला फोन लावा आणि थेट सीपीआर रुग्णालयात न्या. अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगा, की रोज पिणारा माणूस आहे आणि परवापासून बंद केली आहे."

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शपथ पाळली म्हणून असं झालं व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊन चालत नाही. वर्षानुवर्षं रोज दारू पडणाऱ्या शरीरातून ती एकदम काढून घेतली की मेंदू उसळतो. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास सुरू होतात, ताप चढतो, नाडी धावते, जागेचं आणि माणसांचं भान सुटतं. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जातो. आपल्याकडे पिऊन मेलेला माणूस सगळ्यांना माहीत असतो. सोडताना मेलेला कुणाच्या हिशेबातच नसतो. त्याला लोक बाहेरची बाधा म्हणतात, नाहीतर देवाचा कोप.

मी म्हटलं, "शपथ मोडायची नाही, मावशी. फक्त ती आठ दिवस दवाखान्यात राहून पाळायची. मी साडेनऊपर्यंत पोचते."

आदमापूरला बाळूमामांच्या पायांशी घेतलेल्या शपथेला मी कधीही कमी लेखत नाही. सोडायचं असं एखाद्याने मनापासून ठरवलं, हीच सगळ्यात अवघड गोष्ट झालेली असते. फक्त आदमापूरला जायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा, एवढं गावोगाव पोचलं तरी काही माणसं वाचतील.

सकाळी ७.००

दूध घालायला संस्थेत गेले. गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरच्या पूर्वेचं गाव. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला वळिवडे आणि गांधीनगरची कापडपेठ, गावात गोकुळचा पशुखाद्य कारखाना आणि जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं तिथं आली आणि गांधीनगर वसलं. आज फाउंड्रीत बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत. बांधकामावर विजापूर, गोकाककडची कन्नड माणसं आहेत. साखर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या उसाच्या फडात उतरतात. चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात इतक्या भाषा बोलल्या जातात, आणि व्यसन या सगळ्या भाषांमध्ये आहे.

संस्थेच्या कट्ट्यावर बायका माझ्याशी बोलतात ते मात्र स्वतःचं कधीच नसतं. नवऱ्याचं, दिराचं, मुलाचं असतं. आज एकीने पदराआडून कागदाची पुडी दाखवली. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवणारी पावडर', चहात घालून द्यायची. तिने भरपूर पैसे मोजले होते. मी ती तिच्याकडून मागून घेतली. अशा पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. त्यात डायसल्फिरम असेल आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि कमजोर हृदयाचा माणूस दगावूही शकतो. डायसल्फिरम तसं चांगलं औषध आहे. पण ते डॉक्टर देतात, घेणाऱ्याला सगळं समजावून आणि त्याच्या होकाराने देतात. चोरून दिलं तर ते विषासारखं होतं. शिवाय एकदा नवऱ्याला कळलं की घरातल्या कुठल्याच चहावर त्याचा विश्वास राहत नाही. मग पुढचे खरे उपचारही अडतात.

पुडी दाखवणारी बाई स्वतः मशेरी लावते. चुलीवर भाजलेली तंबाखू, दिवसातून पाच-सहा वेळा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हते, तोंडात धरणारे होते. तिला मी एवढंच सांगितलं, की तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर खरा आहे. २०१६ साली तो दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला. पुढं मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बरुआ इन्स्टिट्यूट त्यात आले, म्हणून आता तिथं आपल्या भाषांत बोलणारी माणसं आहेत. "मी लावीन की फोन," ती म्हणाली. लावेल असं वाटतं.

सकाळी ९.३०

सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. पहाटेचे पेशंट मेडिसिन वॉर्डात होते. हात कॉटला बांधलेले नव्हते, हे पाहून आधी बरं वाटलं. लोराझेपामचं इंजेक्शन दिलं होतं आणि सलाइनमधून बी-१ जीवनसत्त्व चालू होतं. खूप पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ संपलेलं असतं. ते न देता नुसतं साखरेचं सलाइन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गावातल्या दवाखान्यात 'एक बाटली लावा, उतरेल' म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. बाई उशाशी बसल्या होत्या. मनोविकार विभागाचे डॉक्टर उद्या बघायला येणार होते.

तिथून ओपीडीत गेले. केस पेपरच्या रांगेत एक जोडपं होतं, सोबत साधारण दहा वर्षांची मुलगी. दोघंही बांधकामावरची, विजापूर जिल्ह्यातली. नवऱ्याचे डोळे पिवळे पडलेले. मुलगी इथल्या मराठी शाळेत जाते, त्यामुळे खिडकीवर तीच बोलत होती, केस पेपर तिच्याच हातात. आत गेल्यावर समुपदेशकाने विचारलं, घरात मारहाण होते का? मुलीने प्रश्न ऐकला. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि आईला काहीच न विचारता मराठीत म्हणाली, "न्हाई."

मी तिथंच थांबवलं. मुलीला बाहेर घेऊन गेले, वडापाव घेऊन दिला. मुलांना या कामाला लावायचं नाही, यावर माझ्याकडून तडजोड होत नाही. बापाने काय केलं ते त्या पोरीला माहीत असतं, पण ते बापासमोर, डॉक्टरांसमोर, स्वतःच्या तोंडून बोलायचं ओझं तिच्यावर कुणी टाकायचं? बायकोला दुभाषी केलं तरी तेच. ती नवऱ्याचं झाकते, किंवा स्वतःचा राग त्याच्या तोंडी घालते. दोन्ही वेळेला डॉक्टरांपुढे तो माणूस येतच नाही.

अथणीकडच्या एक सिस्टर शेजारच्या वॉर्डात होत्या. ड्युटी संपत आली होती तरी त्या आल्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि कन्नडमध्ये त्याला विचारलं, जेवलास का. सकाळपासून मान खाली घालून बसलेला तो माणूस बोलायला लागला. विजापुरात त्याचं स्वतःचं घर होतं, पावसाअभावी शेत पडलं, पहिली बाटली ठेकेदाराने पगाराच्या दिवशी दिली, आता सकाळी घेतल्याशिवाय करणी हातात धरता येत नाही. रात्री रक्ताची उलटी झाली होती, तेही तेव्हाच कळलं. 'पोट दुखतंय' एवढंच केस पेपरवर लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं.

ती उलटी पुढच्या आठवड्यात कळली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून दुपारपर्यंत गेला नाही. दुभाष्याचं पद दवाखान्यात नसतं. सिस्टर, सफाईच्या मावशी, लिफ्टवाले, कॅन्टीनचा पोरगा, असं शोधत फिरावं लागतं. सीमाभागातल्या मोठ्या दवाखान्यात कन्नड आणि हिंदी नीट बोलणारा एक माणूस फक्त या कामासाठी हवा. मागणी फार मोठी नाही.

दुपारी १२.३०

वॉर्डाबाहेरच्या बाकावर डबा खाल्ला आणि फोनला बसले. लोक विचारतात, "जवळ कुठलं केंद्र आहे?" मी उलट दोन गोष्टी विचारते. घरात कुठली भाषा बोलता? आणि पुढचं वर्षभर महिन्यातून दोनदा तिथं जाऊन यायला जमेल का? पहिले आठ-दहा दिवस डॉक्टर, औषध आणि झोप यांचे असतात. त्यानंतरचं सगळं काम बोलण्याचं असतं. का पितो, कधी पितो, कोण दिसलं की पितो, कुठल्या रस्त्याने घरी जातो, रात्री अकरा वाजता हुरहुर लागली तर कुणाला फोन करतो. हे मोडक्या भाषेत सांगता येत नाही. मान हलवत तीस दिवस काढून घरी आलेला माणूस उपचार घेऊन आलेला नसतो.

केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे, त्यावरून सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची माहिती मिळते. टेलि-मानसचा १४४१६ हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो मानसिक आरोग्यासाठी आहे आणि वीस भाषांतून चालतो. कन्नड, ओडिया, बंगाली माणसांसाठी मी तोच देते. दुपारी त्या विजापूरच्या बाईला माझ्या फोनवरून लावून दिला. ती कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

दिल्लीच्या एम्सने २०१९ साली देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळालेली होती. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० पैकी एकाला. हे आकडे मी सरपंचांना सांगते, कारखान्याच्या एचआरला सांगते, महिला मंडळात सांगते. आपल्या गावात किती पिणारे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक असतं. भागाकार त्यांचा त्यांनाच करू द्यावा.

दुपारी २.३०

एक खासगी केंद्र बघायला गेले. गाव सांगत नाही. एका आईला मुलाला तिथं ठेवायचं होतं. तिने आगाऊ पैसे भरण्याआधी विचारलं, याचं कौतुक.

मी सगळ्यात आधी नोंदणीचा कागद मागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले आजार येतात, त्यामुळे अशा केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. साहेब म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे." मग मी रात्री नर्स कोण असते ते विचारलं. मग स्वयंपाकघर पाहिलं, संडास पाहिला, आणि एका मुलाला विचारलं, घरी फोन कधी करतोस? तो आधी साहेबांकडे बघून मग बोलला.

दारावर गाडी उभी होती. नातेवाइकांनी फोन केला की चार पोरं जाऊन माणसाला उचलून आणतात. कायदा असं चालू देत नाही. माणसाची संमती नसेल तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि तरीही दाखल ठेवण्याला सुरुवातीला तीस दिवसांची मर्यादा आहे. डोक्याचे केस जबरदस्तीने काढता येत नाहीत, साखळीला बांधता येत नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. उपचारांची माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत मिळण्याचाही हक्क त्याच कायद्यात आहे. इथं आतल्या मुलांची डोकी सगळी एकसारखी तासलेली होती.

आईला बाहेर येऊन सांगितलं, इथं नको. ती रडली, कारण आज रात्री मुलगा घरीच असणार होता. म्हणून मी तिला नुसतं 'नको' म्हणून सोडलं नाही. उद्याची सीपीआरची ओपीडी ठरवली आणि आजची रात्र तिच्या भावाकडे. मुलाच्या अंगाची तडफड बघवत नाही म्हणून आई केंद्र शोधते आणि त्याच तडफडीला घाबरून वाटेल तिथं सही करते. चांगली केंद्रंही आहेत, आणि ती चालवणारी माणसं तुटपुंज्या पैशांत राबतात. वाईट केंद्र बंद झालं तर त्यांचंच भलं आहे.

दुपारी ४.३०

गोकुळ शिरगाव. फाउंड्रीची पाळी सुटायची वेळ. सुपरवायझरने बोलावलं होतं. गया जिल्ह्यातला एक मोल्डर तीन दिवस कामावर नव्हता, खोलीवर पडून होता. सुपरवायझर मनाने चांगला. म्हणाला, "मॅडम, तिकीट आम्ही काढतो. धनबाद गाडीत बसवून देतो, घरी पोचला की सुधारेल." कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा दीक्षाभूमी एक्स्प्रेस धनबादला जाते, गया वाटेत लागतं. दीड-दोन दिवसांचा प्रवास. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. रोज पिणाऱ्याला गाडीत बसवलं, वाटेत दारू मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी अनोळखी स्टेशनाच्या अलीकडे त्याला फिट येणार. डब्यातले लोक त्याला वेडा समजून दाराकडे ढकलणार. असा माणूस पडला तर वर्तमानपत्रात 'रेल्वेतून पडून मृत्यू' एवढंच येतं.

खोलीत आठ जण राहतात. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी हिंदीत विचारलं, कसं वाटतंय? "ठीक है." पाणी प्यालास? "ठीक है." हिंदी येत नाही असं नव्हे, पण त्याची हिंदी कामावरची. माल उचल, साचा भर, साहेब आले, एवढ्यापुरती. दुःख त्याचं मगहीत, त्याच्या गावच्या बोलीत होतं. त्याच्याच तालुक्यातला एक वयस्क कामगार बाजूला जेवत होता, त्याला विनंती केली. तो हात धुऊन आला, मोल्डरच्या पायाशी बसला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. मग दोघं बराच वेळ बोलले. म्हाताऱ्याने मला थोडक्यात सांगितलं: गावी बहिणीचं लग्न, डोक्यावर कर्ज, धाकट्या भावाचा फोन येतो, हा उचलत नाही. दारूबरोबर गांजाही आहे. आज दुपारपर्यंत प्यालेला आहे. मरावंसं वाटतं, असंही म्हणाला.

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर बाकीचं सगळं मागे पडतं. आज रात्री त्याच्याजवळ कोण जागणार हे तिथंच नक्की केलं. खोलीतल्या दोर आणि ब्लेडसारख्या वस्तू उचलल्या. कारखान्याच्या गाडीने त्याला दवाखान्यात न्यायचं, म्हातारा सोबत जाणार, त्याचा अर्धा दिवस भरायचा, हे सुपरवायझरने तोंडी कबूल केलं. मी ते त्याच्याच वहीत लिहून घेतलं. एका प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही: बरा होऊन आला तर कामावर घेणार का?

संध्याकाळी ६.१५

गांधीनगर. घर दुकानाच्या वर. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, व्यसन एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं. आजी सिंधीत देवाला विनवत होती, वडील माझ्याशी मराठीत, आईशी सिंधीत आणि मुलाशी इंग्रजीत बोलत होते. मुलगा कुणाशीच बोलत नव्हता. एमडी आता मुंबई-पुण्याची गोष्ट राहिली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्याच चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला त्याचा कारखाना पकडला, आणि मार्च २०२४ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात इरळीला.

वडिलांना दोन भीती होत्या. पोलीस, आणि बाजारात नाव. पहिलीबद्दल सांगितलं की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४ अ हे कलम आहे. स्वतः सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. दुसरीवर माझ्याकडे कायदा नव्हता. त्यांना मुलाला लांब पाठवायचं होतं, पुण्याला, मुक्तांगणला. मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलं, गर्दच्या लाटेत, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने. तिथं जाऊन उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. जायला हरकत नाही. पण पुणे सव्वादोनशे किलोमीटरवर. तिथून परत आल्यावर मुलगा याच जिन्यावरून उतरून त्याच मित्रांत जाणार, तेव्हा कोल्हापुरात त्याचा डॉक्टर कोण, हे आधीच ठरलेलं हवं. एमडी सुटल्यावर फिट सहसा येत नाही, पण मन खोल बुडतं आणि आत्महत्येचे विचार येतात. पहिले काही आठवडे त्याला एकटं ठेवायचं नाही.

निघताना मुलाने एकच विचारलं. तिथं इंग्रजीत बोललं तर चालेल का?  म्हटलं, चालेल.

संध्याकाळी ७.३०

शहरातल्या एका शाळेच्या खोलीत अल्कोहोलिक्स अनॉनिमसची खुली सभा. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून हे सुरू झालं. भारतात ते १९५७ मध्ये आलं. फी नाही, नोंद नाही, आडनाव नाही. रिक्षावाले, प्राध्यापक, पैलवान, सराफ, सगळे एकाच बाकावर. इथं उपदेश कुणी करत नाही. जो तो स्वतःचं सांगतो, अस्सल कोल्हापुरीत, शिव्यांसकट. मी सभेत बोलत नाही, फक्त नव्या माणसाला आणून बसवते. आज वारणाकाठचे एक काका प्यायचे थांबल्याला सहा वर्षं झाली म्हणून पेढे घेऊन आले होते. त्यांची पत्नी शेजारच्या खोलीत, कुटुंबीयांच्या गटात. तिथं बायका नवऱ्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतात. किती वर्षांनी साडी घेतली, झोप लागते का, पोरांवर हात उगारला जातो का.

सभेनंतर मी काकांना विचारलं, हिंदीत बोलाल का एकाशी? गयाचा आहे. ते म्हणाले, "माझी हिंदी म्हंजे सैगलच्या गाण्यातली. पर बसतो की जाऊन." आणखी एक जण पुढं आला. सैन्यात होता, दानापूरला पोस्टिंग झालेलं, मगहीही थोडी कळते. त्याने नंबर दिला.

रात्री ९.४५

आजचे शेवटचे फोन. दवाखान्यातून निरोप आला, कारखान्याच्या मोल्डरला दाखल करून घेतलं आहे. त्याच्या सोबतीला म्हातारा थांबला आहे, पण त्याची उद्या सकाळची पाळी आहे. सैन्यातले भाऊ उद्या अकराला जाणार. सुपरवायझरला परत फोन लावला आणि तोच प्रश्न परत विचारला. तो म्हणाला, मालकांशी बोलतो. मी म्हटलं, मालकांशी मीही बोलते, उद्या तीन वाजता येते, वेळ घेऊन ठेवा. विजापूरच्या त्या मुलीची शाळा बुडू नये म्हणून शेजारच्या खोलीतली एक बाई तिला दोन दिवस ठेवून घ्यायला तयार झाली आहे. अथणीच्या सिस्टरांना निरोप पाठवला की शनिवारी डॉक्टर आईशी बोलणार आहेत, तेव्हा अर्धा तास याल का. त्यांचं उत्तर आलं: येते, पण मुलीला आणू नका.